जोड चांगोचाच होता

आमचं घर कल्याणातलंच, तांबटांच्या आळीत, बापाच्या बापापासूनचं, आणि आमच्या आळीत सकाळ कोंबड्याने व्हायची नाही तर हातोड्याने व्हायची, ठण ठण ठण, बाहेरगावचा पाहुणा आला की कानात बोटं घालायचा आणि आम्ही हसायचो, आम्हाला तो आवाज थांबला तर चुकल्यासारखं व्हायचं. माझं नाव दामोदर, पण सगळे दामूच म्हणायचे, आता तोंडात दात राहिले नाहीत तरी दामूच. बाप माझा घागरी करायचा. तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगतो भाऊराव, घागरीचा जोड कुठे आहे ते बापाच्या घागरीवर शोधून सापडायचं नाही, बोट फिरवा, नख लावा, नाही म्हणजे नाही. पण तोंडाने माणूस मुका. चुकलं तर बोलायचा, आणि बरोबर झालं तर उचलून कोपऱ्यात ठेवून द्यायचा, त्यावरून आपण समजायचं की झाली बरी. शाबास म्हणून एक शब्द असतो तो मी दुसऱ्यांच्या बापांच्या तोंडून ऐकलेला, आमच्या घरात नाही.

मग आगगाडी आली, तिच्या बरोबरीने खांब आले आणि खांबांवरून तार आली. लोक म्हणायचे तारेत भूत आहे. मला ते काही वाटलं नाही, मी बघायचो ती तार जोडतात कशी, आणि मला दिसायचं की जोडणाऱ्यांना जोडता येत नाही. एकदा न राहवून बोललो, अहो हा कथलाचा डाग गार आहे, हा चार दिवसांत सुटेल. तारेचा साहेब तिथंच उभा होता, त्याने दुभाष्याला विचारलं हा काय म्हणतो, आणि दुभाष्याने सांगितलं की हा म्हणतो तुमच्या माणसांना काम येत नाही. मला वाटलं झालं, आता चाबूक. पण साहेबाने मला कानस दिली नि म्हणाला, कर. मी केलं. असा मी तारखात्यात लागलो. घरी येऊन बापाला सांगितलं, बाप म्हणाला, घागर सोडून दोऱ्या ओढणार का आता. झालं, एवढंच.

आता हे तुम्हाला समजलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. खांबावर तार एकच असते. निरोप जातो तारेतून, पण त्याला परत यायला वाट लागते, आणि ती वाट असते जमीन. म्हणून दर टेशनावर तांब्याचा पत्रा ओल्या मातीत खोल पुरायचा, त्याला जाड तार डाग देऊन जोडायची आणि ती आणून यंत्राच्या पेंचाला आवळायची. तिला आम्ही भुईतार म्हणायचो. भुईतार पक्की तर यंत्राचा काटा टकटक हलतो, भुईतार कच्ची तर काटा बसतो मेल्यासारखा, मग खांबावरची तार सोन्याची का असेना. लोक वरची तार बघतात, खालची कोण बघतो. मी बघायचो. माझे सगळे जोड पक्के. साहेब म्हणायचा, दामू का जोड. हिंदीत म्हणायचा, पण म्हणायचा. चार-पाच वर्षं असं होतं, ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत जोड म्हटला की दामू, आणि काय सांगू तुम्हाला, त्या दिवसांत मी रस्त्याने चालायचो ना तर अंगरख्याच्या आत छाती मावायची नाही.

मग चांगो आला.

चांगो दिव्याच्या बाजूचा, आगरी, मिठागरावर जन्म गेलेला. खांबांचे खड्डे खणायला म्हणून घेतला होता त्याला. काळा, हाडकुळा, दात पांढरेशुभ्र, आणि सारखा हसायचा, काही कारण नसताना. कोकरासारखा माझ्या मागे मागे. दामूदादा ह्ये काय, दामूदादा त्ये काय. एकदा मुंब्र्याला पत्रा पुरायचा होता, मी जागा दाखवली, तो तिथली चिमूट माती घेऊन जिभेवर ठेवतो आणि म्हणतो, दादा, हितं नको, ही माती गोरी हाय, म्हणजे गोडी, त्या बाभलीच्या मागं खनू, तितं खारी लागंल. मी म्हटलं, अरे पत्रा पुरायचाय, चटणी वाटायची नाही. तो हसला. पण साहेब आला होता, त्याच्याकडे एक डबी होती काट्याची, ती लावून तो बघायचा की जमीन वीज किती घेते. माझ्या जागेवर काटा जरासा हलला. बाभळीच्या मागे काटा पार टोकाला गेला. साहेबाने चांगोकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग परत चांगोकडे बघितलं. हे तिसरं बघणं होतं ना भाऊराव, ते मला अजून दिसतं.

तेव्हापासून साहेब म्हणू लागला, जमीन चांगो को पूछो. ठीक आहे म्हटलं, माती त्याची, जोड माझा. पण साहेब म्हणाला, दामू, इसको जोड भी सिखाओ. म्हणजे मीच शिकवलं त्याला, मीच. धातू कानशीने घासायचा चकाकी येईपर्यंत, घासलं की बोट लावायचं नाही, बोटाचा चिकटा राहतो. तांब्याला आधी कथील चढवायचं. डाग देताना राळ वापरायची, नवसागर नाही, नवसागर मागे राहिला की आतून हिरवं हिरवं खात जातो. लोखंडाला बोल्टने तार आवळायची तर चकतीखाली लोखंड उघडं पाहिजे, गंज नको, रंग नको, आणि आवळून झाल्यावर मग वरून रंग, पाणी जाऊ नये म्हणून. रंग शेवटी, हे मी त्याला शंभरदा सांगितलं. रंग आत गेला तर बघायला जोड, आणि आतून काही नाही. तो मान डोलवायचा, आणि भाऊराव, तो एकदा ऐकलेलं विसरायचा नाही, हीच तर पंचाईत.

पत्रे आम्ही घरीच बापाच्या भट्टीवर तयार करायचो. चांगो घरी येऊ लागला. येताना कधी मीठ आणायचा केळीच्या पानात, कधी खाडीतली निवट्यांची मासळी आणायचा, आणि माझी बायको, पार्वती तिचं नाव, ती त्याला दारात बघून म्हणायची, या चांगोभावजी. मी घरात आलो की तिने कधी या म्हटलेलं मला आठवत नाही. एक दिवस त्याने पत्र्याला तार जोडली, थंड केली, आणि तिथंच ठेवून पाणी प्यायला गेला. बाप उठला. बापाने तो जोड उचलला, अंगठा फिरवला, डोळे मिटून परत फिरवला. मला म्हणाला, हा तुझा? मी म्हटलं, नाही, त्याचा. बाप म्हणाला, हा हात तांबटाचा आहे. आणि चांगो आला तसा त्याला विचारतो, पोरा, कुणाचा रे तू? तो म्हणाला, मिठागरावाला मी, तांबटबाबा. आणि बाप हसला. हसला हो. त्याचे दात मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले.

त्या दिवशी मी जेवलो नाही. पार्वतीने विचारलं काय झालं, मी म्हटलं पोट. पोट नव्हतं ते. माझ्या छातीत कुणी नवसागर टाकून ठेवला होता आणि तो आत आत खात होता.

आता खडवलीचं सांगतो. खडवलीला तारेची चौकी होती ती सगळी कातळावर. पत्रा पुरायला माती म्हणून नाही. मी दोनदा सुरुंग लावून खड्डा केला, कोळसा भरला, पाणी ओतलं, पावसात चालायचं आणि शिमगा आला की काटा बंद. साहेब वैतागला. चांगो गेला आणि दोन दिवस नुसता फिरत राहिला नदीकाठी. मग म्हणाला, साहेब, ही इंजनाच्या पान्याची टाकी लोखंडाची, तिचा नल लोखंडाचा, नल जातो नदीच्या डोहात, डोह काय उन्हाल्यात बी आटत नाय. मग भुईतार टाकीलाच आवला ना. मी मोठ्याने हसलो, सगळ्यांसमोर. साहेब हसला नाही. त्याने टाकीच्या कडेला भोक पाडून घेतलं, चांगोने रंग खरवडला, लोखंड चंदेरी केलं, चकती लावली, बोल्ट आवळला, वरून शेंदरी रंग दिला. काटा असा हलला की तारमास्तर खुर्चीवरून उठला. पुढच्या महिन्यात साहेबाने हुकूम काढला की ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत भुईतारांचा मिस्त्री चांगो. आणि मी? मी त्याच्या हाताखाली नव्हतो, पण वरही नव्हतो. दामू का जोड हे शब्द मग कुणी बोललं नाही.

मी वाईट माणूस नव्हतो भाऊराव. असं सगळेच म्हणत असतील, पण लिहा.

उन्हाळा सरता सरता टाकीला रंग द्यायचं ठरलं, पावसाच्या आधी देतात तसा. रंगारी आले, त्यांच्यावर देखरेखीला मी. रंगाऱ्याने विचारलं, मिस्त्री, हा बोल्ट काढू का, खाली गंज धरला असेल. मी म्हटलं, मी काढतो. काढला. खाली चांगोने घासलेलं लोखंड अजून आरशासारखं होतं, एक ठिपका गंज नाही. मला त्याचाच राग आला. मी रंगाऱ्याच्या हातातून कुंचला घेतला आणि त्या चकचकीत लोखंडावर शेंदरी रंग फिरवला, चांगला जाड, चकतीच्या खालून वरून, वाळू दिला, आणि बोल्ट परत बसवून पाना मारला. बाहेरून बघाल तर काय सुंदर जोड. माझा हिशोब असा होता की पहिले थोडे दिवस बोल्टाच्या आट्यांमुळे काम चालेल, मग आटे गंजतील, काटा अडखळेल, चांगोची फजिती होईल, आणि मग मी जाईन, बोल्ट काढीन आणि दोष दाखवीन. एवढंच. त्याची फजिती आणि माझं नाव. याच्या पलीकडे माझ्या मनात काही नव्हतं, देवाशपथ.

श्रावणात तक्रार आली. खडवलीचा काटा थरथरतो, मध्येच मरतो. साहेबाने आम्हा दोघांना पाठवलं. दोन दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती. चांगो एकेक खांब तपासत होता, तार बसते त्या चिनी मातीच्या बरण्या बघत होता, यंत्राला वीज देणाऱ्या डब्यांतलं मोरचूद संपलं का बघत होता, आणि मी त्याच्या मागे मागे मान हलवत होतो. टाकीकडे मी मुद्दाम जात नव्हतो. त्याला दमू दे, हरू दे, तो म्हणू दे की दादा मला नाही समजत. दुपारी तो चौकीच्या पायरीवर बसला, डोकं धरून, आणि मला आतून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला सांगू, झाल्या.

तेवढ्यात रुळावरचा मुकादम धावत आला, गुडघाभर चिखल. म्हणाला, टिटवाळ्याच्या बाजूला नाल्याने भराव खाल्ला, रूळ हवेत लोंबतायत, आणि कल्याणची गाडी यायची वेळ झाली. तारमास्तर यंत्रावर बसला. टिटवाळ्याला सांगायचं, गाडी धरा. त्याने दांडी दाबली. काटा हलला नाही. परत दाबली. काटा मेलेला. माणूस पाठवावा तर भराव मधेच तुटलेला, पलीकडे जायला नाल्यातून जावं लागणार आणि नाला नदी झालेला. तारमास्तर कोवळा माणूस, त्याला रडू फुटलं, म्हणाला, बायामाणसं आहेत हो गाडीत.

चांगो उठला. भिंतीवरचं लाल निशाण घेतलं, कमरेला दोर बांधला, मुकादमाला म्हणाला, चल, मना पवता येतं, मी पलीकडं जातंय. आणि गेला. जाताना मला म्हणाला, दादा, तू टाकीचा जोड बग तेवरा.

तू टाकीचा जोड बघ. मी तिथं किती वेळ उभा होतो मला सांगता येत नाही, असेल एका श्वासाइतका, पण तो श्वास संपता संपत नाही अजून. मग मी धावलो. शिडी ओली, दोनदा पाय सटकला. पाना लावला, बोल्ट निघेना, गंजलेला, हाताची साल गेली, मग निघाला. खाली रंग. माझाच रंग. मी कानशीने घासत सुटलो, रंगाचा लगदा नखांत, पाऊस डोळ्यांत, आणि मी मोठमोठ्याने शिव्या देत होतो, कुणाला ते ठाऊक नाही. लोखंड पांढरं झालं, चकती घासली, बोल्ट मारला, आणि वरूनच ओरडलो, दाबा! परत ओरडलो, दाबा हो! आणि मग चौकीतून तारमास्तरची किंकाळी आली, हलला! हलला! टिटवाळ्याने लगेच उत्तर दिलं. गाडी तिथंच उभी होती, सुटायच्या बेतात होती. धरली.

मी नाल्याकडे पळालो, चांगोला परत बोलवायला. पण त्याला पाण्याने ओढला होता. दोर मुकादमाच्या हातात ताणलेला आणि चांगो खाली एका करंजाच्या झाडात अडकलेला, एक हात उलटा गेलेला. मुकादम, मी आणि रुळावरची दोन माणसं, आम्ही चौघांनी ओढून काढला. शुद्धीवर होता. पहिला प्रश्न त्याने काय विचारला? गारी? मी म्हटलं, गाडी धरली, टिटवाळ्यालाच धरली. तो हसला आणि मग बेशुद्ध पडला.

खांदा त्याचा बसवला, पण हात पुढे कधी कानाच्या वर गेला नाही. आणि चौकशी झाली. साहेब स्वतः आला. टाकीवर चढून बघितलं, कडेला खरवडलेला रंग अजून लागलेला होता. म्हणाला, चकतीखाली रंग होता. हा जोड कुणाचा? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, जोड चांगोचाच होता साहेब. यात एक अक्षर खोटं नाही बघा. जोड चांगोचाच होता. रंग कुणाचा ते त्याने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. चांगो बाजूला उभा, हात गळ्यात बांधलेला. त्याने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. साहेबाने त्याला कामावरून काढलं, आणि माझा हात हातात घेऊन हलवला, सगळ्यांसमोर. म्हणाला, दामू का जोड.

घरी येईपर्यंत बातमी माझ्या आधी आलेली. सगळी आळी दारात. तांबटाच्या पोराने गाडी वाचवली. बाप भट्टीजवळ बसला होता. उठला, आता म्हातारा झालेला, उठायला वेळ लागला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, शाबास. अठ्ठावीस-तीस वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो मिळाला, आणि मिळाला तो असा. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं पण होतं. पण त्याचा हात पाठीवर होता हो, आणि तो हात गरम होता, मला तो काढून टाकता आला नाही.

पुढे बाप सहा वर्षं जगला. त्या सहा वर्षांत तो चांगोबद्दल विचारायचा, तो मिठागराचा पोरगा येत नाही का रे? मी म्हणायचो, तो गेला गावाला. चांगोचं नाव निघालं की पार्वती उठून आत जायची. तिला मी काही सांगितलं नव्हतं. बायकांना सांगावं लागत नाही.

बाप गेला तेव्हा चांगो आला, तेराव्याला. दारात उभा राहून माझ्यापेक्षा जास्त रडला. मी चार दिवस काढले आणि मग दिव्याला गेलो, मिठागरावर. तो मीठ पिकवायच्या कोंडीची जमीन पायाने चोपत होता, एक हात लोंबता. मी बांधावर उभं राहून एका दमात सगळं सांगितलं, कुंचला, रंग, पायरीवरच्या गुदगुल्या, सगळं. तो पाय चोपायचं थांबला नाही. मग म्हणाला, मना म्हाइत हाय. शेंदरी रंग आत होता आनि मी घासला होता, मग रंग कोन लावनार, कावला? मी म्हटलं, मग साहेबासमोर बोलला का नाहीस? तो म्हणाला, बोललो असतो तर तुज्या बापाला समाजला असता. म्हातारा मेला असता दादा. त्याना मना पोरा म्हनून हाक मारलेली.

भाऊराव, मी त्याच्या पाया पडायला गेलो होतो. आणि काय सांगू तुम्हाला, त्या बांधावर मला काय वाटलं ते ऐका. मला त्याचा हेवा वाटला. परत. की माझ्या बापाला जपावं हे मला सुचलं नाही आणि त्याला सुचलं. त्याने मला माफ केलं त्याचाही हेवा वाटला, इतकं सोपं कसं केलं ह्याने. मी पाया पडलो तरी मनात हेच.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन खरं सांगितलं. पण जुना साहेब विलायतेला गेलेला, नवा साहेब म्हणाला, गाडी वाचली ना? मग जा, काम कर. चांगोला परत घ्या म्हणून मी तीनदा अर्ज लिहवून घेतला, तिसऱ्या वेळी घेतो म्हणाले, तर चांगोच म्हणाला, नको, हितं बरा हाय. मी पुढे अकरा वर्षं काम केलं. प्रत्येक जोड परत उघडून बघायचो, माणसं हसायची.

आता बसून असतो. डोळ्यांनी कमी दिसतं. चांगो येतो वर्षातून दोन-तीनदा, पार्वती त्याला या चांगोभावजी म्हणते, आधी त्याचं पान वाढते मग माझं, मी बघत असतो पहिली भाकरी कुणाला पडली. त्याचे नातू त्याला खांद्याला धरून आणतात, माझे मुलूखभर पांगलेले. तो माझ्याआधी जाऊ नये, त्याच्या मिठागराला ऊन लागो, त्याचा हात थंडीत दुखू नये, असं मी रोज दिवा लावताना म्हणतो. मनापासून म्हणतो. आणि म्हणता म्हणता दाढा आवळल्या जातात, दाढा नाहीत तरी. हे पण लिहा. आता तुम्ही निघा, उन्हं उतरली, सांभाळून जा, तुमच्या लेकरांना त्यांच्या चांगल्या कामाला वेळेवर बरं म्हणत जा.